विंडोज एसएसडीवर, बिघाड दुसऱ्या हार्ड डिस्कमध्ये: वारंवार अडकणाऱ्या संगणकाचे निदान

माउसचा बाण हलतो, पण क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. गाणे चालू असेल तर ते आणखी काही सेकंद वाजते आणि मग बंद पडते. टास्कबारवरचे घड्याळ थांबलेले असते. मिनिटभराने, जणू काही झालेच नव्हते अशा थाटात, साचून राहिलेल्या सगळ्या क्लिक एकदम अमलात येतात. किंवा तसे न होता निळी स्क्रीन क्षणभर चमकते आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस काहीच नाही. ही लक्षणे दिसत असतील आणि संगणकात विंडोजच्या डिस्कखेरीज आणखी एखादी डिस्क बसवलेली असेल, तर पुढील मजकूर उपयोगी पडेल.

माझ्या संगणकात विंडोज एका एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर) आहे आणि छायाचित्रे, जुनी कामे व चित्रफिती २ टीबीच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर. त्रास सुरू झाला तेव्हा संशयाची सुई या डिस्ककडे सर्वांत शेवटी वळली, कारण तिच्यावरच्या फाइल व्यवस्थित उघडत होत्या आणि विंडोजचा तिच्याशी काही संबंध नाही अशी माझी पक्की समजूत होती. आधी रॅम तपासली. रात्रभर चाललेल्या मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्यांत एकही चूक निघाली नाही. मग ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदलला. शेवटी कंटाळून एसएसडी पुसली आणि विंडोज नव्याने टाकले. त्यानंतर निळी स्क्रीन येणे बंद झाले, मात्र मिनिटभर अडकून पडणे तसेच राहिले. आजार अर्धा तरी बरा झाला असे मला वाटले. प्रत्यक्षात तो जराही बरा झालेला नव्हता. फक्त त्याचे एक लक्षण झाकले गेले होते.

दुसरी डिस्क संपूर्ण संगणक कसा अडवते

हार्ड डिस्कवरील माहिती सेक्टरमध्ये विभागलेली असते. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये एक प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, मात्र जुन्या प्रणालींच्या सोयीसाठी अनेक डिस्क तो ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांच्या रूपात दाखवतात. प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती साठवलेली असते आणि किरकोळ दोष डिस्क तिच्या आधारे स्वतःच भरून काढते. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दोष त्या मर्यादेपलीकडे गेला, की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हुकलेला सेक्टर पुन्हा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या भागाखाली, येईपर्यंत दर वेळी तेवढे थांबावेच लागते. शंभरेक प्रयत्नांत जवळपास एक सेकंद जातो. घरगुती वापराच्या अनेक डिस्क तर एकाच सेक्टरशी कित्येक सेकंद झगडत राहतात, कारण ती माहिती अन्यत्र कुठेच नसणार असे धरून त्यांचे फर्मवेअर, म्हणजे डिस्कमधले अंगभूत सॉफ्टवेअर, लिहिलेले असते. रेड रचनेसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्यासाठी, बनवलेल्या डिस्क मात्र साधारण ७ सेकंदांत हात टेकतात, कारण तिथे तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरून मिळवता येते.

तोवर ऑपरेटिंग सिस्टिम वाट पाहत असते. लिनक्समध्ये या वाट पाहण्याची मुदत सहसा ३० सेकंदांची असते, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, ती सहसा ६० सेकंदांची नोंदलेली आढळते. मुदत संपली की ड्रायव्हर डिस्कची जोडणी रीसेट करतो, अडकलेली मागणी पुन्हा पाठवली जाते, आणि सेक्टर तोच असल्यामुळे गाडी पुन्हा तिथेच रुतते.

आता प्रश्न असा, की आपण त्या डिस्कवरची एकही फाइल उघडलेली नसताना तिच्याकडे मागणी जाते कुणाची? उत्तर लांबलचक आहे. फाइल एक्सप्लोरर उघडला की तो प्रत्येक ड्राइव्हची मोकळी जागा विचारतो. शोधसूचीचे काम करणारी सेवा, अँटिव्हायरस आणि छायाचित्रांच्या लघुप्रतिमा तयार करणारा भाग हे तिघे आपल्या नकळत फोल्डर चाळत असतात. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे फाइल जतन करण्याची खिडकी: एखाद्या प्रोग्रॅममध्ये शेवटचे काम डी ड्राइव्हवरच्या फोल्डरात केले असेल, तर पुढच्या वेळी ती खिडकी आधी तेच फोल्डर उघडू पाहते आणि दोष त्या प्रोग्रॅमच्या माथी मारला जातो.

निळ्या स्क्रीनचे कारण मात्र याहून वेगळे होते. काही वर्षांपूर्वी एसएसडीवर जागा कमी पडू लागली म्हणून मी पेज फाइल डी ड्राइव्हवर हलवली होती आणि नंतर ती गोष्ट साफ विसरलो होतो. रॅममध्ये न मावणारा मजकूर विंडोज पेज फाइलमध्ये ठेवते. कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, स्वतःचाच एखादा तुकडा तिथून परत हवा असेल आणि तो वाचता आला नाही, तर पुढे जाण्याचा मार्गच उरत नाही. अशा वेळी जी निळी स्क्रीन येते तिच्यावर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असे लिहिलेले असते. ते नाव मला कधी वाचायलाच मिळाले नाही, कारण बिघाडानंतर आपोआप रीस्टार्ट करण्याचा पर्याय चालू होता. मिनिडंपचे, म्हणजे बिघाडाचा तपशील साठवणाऱ्या फाइलचे, फोल्डरही रिकामेच होते, कारण ती फाइल तयार होण्यासाठी विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याच ड्राइव्हवर पेज फाइल असावी लागते. नव्याने विंडोज टाकल्यावर पेज फाइल आपसूक एसएसडीवर परतली आणि निळी स्क्रीन थांबली. त्याच झटक्यात जुन्या सगळ्या नोंदीही पुसल्या गेल्या. म्हणून विंडोज नव्याने टाकण्याचा उपाय अगदी शेवटी करावा. तो पुरावाच नष्ट करतो.

सर्वांत आधी करावयाची चाचणी

कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी एक साधी चाचणी करता येते, ती म्हणजे दुसरी डिस्क काढून ठेवून संगणक नेहमीसारखा वापरणे. मात्र त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, किंवा ती फिरू लागते आणि लगेच थांबते असे होत असेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. हा हेडचा किंवा मोटरचा बिघाड असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक प्रयत्नात तबकडीचा पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. तिच्यावरील माहिती मोलाची असेल तर ती थेट माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावी. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला अजूनही फिरत असतो, तो कुणी मनावर घेऊ नये. थंड तबकडीवर दमट हवेतले पाणी साचते आणि नॅनोमीटरच्या उंचीवरून सरकणाऱ्या हेडसाठी पाण्याचा कणसुद्धा डोंगराएवढा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, डिस्क शांतपणे चालत असेल तर ज्या फाइलची दुसरी प्रत कुठेच नाही त्या आधी अन्यत्र उतरवून घ्याव्यात. संपूर्ण डिस्क नव्हे, फक्त त्या. एखादी फाइल अडकली तर तिच्यामागे न लागता पुढच्या फाइलकडे जावे.

मग संगणक बंद करावा, विजेची तार भिंतीतून काढावी, कॅबिनेट उघडावे आणि त्या डिस्कच्या दोन्ही केबल, म्हणजे डेटाची अरुंद व विजेची रुंद, काढाव्यात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनात जाऊन डिस्क ऑफलाइन करण्याचा मार्गही आहे, परंतु तशी डिस्क वीज घेतच राहते, फिरतच राहते आणि चालू होताना बायोसलाही, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅमलाही, अडवू शकते. म्हणून निदानासाठी मला केबल काढणेच अधिक खात्रीचे वाटते. एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर कोणती काढायची हे अनुक्रमांकावरून ठरवावे; सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा अनुक्रमांक डिस्कवरील लेबलवर छापलेला असतो. संगणक पूर्वी किती दिवसांनी अडकत असे, त्याच्या निदान तिप्पट दिवस तो असाच वापरावा. माझा त्रास दोन-तीन दिवसांआड होत असे, म्हणून मी दहा दिवस थांबलो. त्या दहा दिवसांत संगणक एकदाही अडकला नाही, आणि चालू होताना निर्मात्याचे बोधचिन्ह जे पाऊण मिनिट स्क्रीनवर रेंगाळत असे, तेही पहिल्या दिवसापासून काही सेकंदांत नाहीसे होऊ लागले. ते रेंगाळणे म्हणजे बायोस त्या डिस्कच्या उत्तराची वाट पाहत होता, हे तेव्हा लक्षात आले.

डिस्क काढूनही संगणक अडकत राहिला, तर ती निर्दोष आहे असे लगेच म्हणता येत नाही, पण शोध एसएसडी, रॅम आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) यांच्याकडे वळवावा.

नोंदी काय सांगतात

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडला की बहुतेकांची नजर ‘कर्नल-पॉवर ४१’ या लाल नोंदीवर खिळते. ती नोंद इतकेच सांगते, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तो का बंद झाला हे तिला ठाऊक नसते. कारण शोधायचे असेल तर त्या नोंदीच्या आधीची पाच-दहा मिनिटे वाचावीत.

माझ्या लॉगमध्ये तिथे एक ठरावीक साखळी होती. आधी ‘स्टोअर-एएचसीआय’ या स्रोताची १२९ क्रमांकाची नोंद, म्हणजे जोडणी रीसेट केली गेली. तिच्या मागोमाग ‘डिस्क’ या स्रोताची १५३, म्हणजे मागणी पुन्हा पाठवावी लागली. आणि मधूनच क्रमांक ७, म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक आढळला. १२९ मध्ये फक्त पोर्टचा उल्लेख असतो, डिस्क कोणती ते कळत नाही. १५३ मध्ये मात्र ‘डिस्क १’ असा क्रमांक येतो आणि तो डिस्क मॅनेजमेंटमधील क्रमांकाशी ताडून पाहता येतो. याखेरीज ‘एनटीएफएस’ची ५५ क्रमांकाची नोंद फाइल प्रणालीची रचना बिघडल्याचे सांगते, ‘डिस्क’ची ५१ पेज फाइलच्या व्यवहारात चूक झाल्याचे, आणि १५७ चा अर्थ डिस्क चालू असतानाच अचानक नाहीशी झाली असा होतो. १५७ वारंवार दिसत असेल तर मी तबकडीआधी केबलवर आणि वीजपुरवठ्यावर संशय घेईन.

ज्यांना लॉग वाचण्याचा कंटाळा आहे त्यांनी टास्क मॅनेजर आधीपासून उघडून ठेवावा, कारण संगणक अडकल्यावर तो उघडत नाही. कामगिरीच्या पानावर संबंधित डिस्क निवडावी. निरोगी डिस्कवर काम जास्त असेल तर सक्रियता १०० टक्के दिसते आणि वाचन-लेखनाचा वेगही त्याबरोबर वाढलेला असतो. दुखणाईत डिस्कचे चित्र उलटे असते: सक्रियता १०० टक्के, वाचनाचा वेग शून्य, आणि सरासरी प्रतिसादाचा काळ, जो एरवी काही दहा मिलिसेकंदांच्या घरात असतो, तो हजारांत गेलेला. हे दृश्य एकदा पाहिल्यावर पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

स्मार्टचे आकडे आणि माझी एक घोडचूक

प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर ती वाचण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम सोपा पडतो, तर लिनक्सवर आणि विंडोजवरही स्मार्टसीटीएल हे साधन चालते. पहिला प्रोग्रॅम निळ्या, पिवळ्या आणि लाल रंगांत निकाल देतो, पण रंगावर विसंबण्यापेक्षा चार ओळी स्वतः वाचाव्यात. क्रमांक ५ मध्ये खराब म्हणून कायमचे बाजूला काढलेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर मोजलेले असतात. क्रमांक १९७ मध्ये वाचता न आलेले, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे प्रलंबित सेक्टर असतात. १९८ मध्ये डिस्कने स्वतः केलेल्या तपासणीतही दुरुस्त न झालेले सेक्टर, आणि १९९ मध्ये डिस्क व मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला मजकूर मोजलेला असतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे क्रमांक सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत, म्हणजे दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे वापरून, लिहिलेले असल्यामुळे १९७, १९८ आणि १९९ तिथे अनुक्रमे सी५, सी६ आणि सी७ असे दिसतात.

नेमकी इथेच माझी चूक झाली. पाचव्या क्रमांकासमोर शून्य होते, म्हणून डिस्क ठीकच आहे असे मी मनाशी ठरवले. सी५ समोर बऱ्याच शून्यांनंतर ४० लिहिले होते. एवढ्या मोठ्या डिस्कवर चाळीस सेक्टर म्हणजे काहीच नाही, असेही वाटले. यातल्या दोन्ही समजुती खोट्या निघाल्या. पहिली अशी, की प्रलंबित सेक्टर वाचता आला नाही म्हणून डिस्क तो लगेच बदलत नाही. त्यात काय होते हे तिला ठाऊक नसते आणि ते टाकून देण्याचा अधिकार ती स्वतःकडे घेत नाही. त्या जागी नवे काही लिहिले गेले, की मगच ती निर्णय घेते: लेखन नीट टिकले तर सेक्टर पुन्हा सेवेत येतो, नाही टिकले तर त्याच्या जागी राखीव सेक्टर येतो आणि पाचव्या क्रमांकाचा आकडा वाढतो. दुसरी डिस्क बहुधा साठवणुकीसाठी असते. तिच्यावर वर्षानुवर्षे फक्त वाचन होते. त्यामुळे अशा डिस्कमध्ये पाचवा क्रमांक शून्यावरच राहून १९७ वाढत जाणे अगदी स्वाभाविक असते, आणि त्या शून्याने हायसे वाटून घेण्यात अर्थ नसतो.

दुसरी समजूत आकड्याबद्दलची. तो प्रोग्रॅम मूळ आकडेही त्याच सोळा अंकांच्या पद्धतीत दाखवतो, त्यामुळे ते ४० म्हणजे चाळीस नसून ६४ होते. हे मला कळले ते चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवल्यानंतर. खराब सेक्टर शोधणारा पर्याय लावून मी ती रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी पुन्हा पाहिले, तर सी५ समोर ए८ असे अक्षर आणि अंक दिसले. आकड्यात अक्षर कसे, या प्रश्नातून उलगडा झाला: ए८ म्हणजे दहा गुणिले सोळा अधिक आठ, अर्थात १६८. एका रात्रीत १०४ सेक्टरांची भर पडली होती. अनेक डिस्कमध्ये हा आकडा आठच्या पटीत वाढतो, कारण ४०९६ बाइटचा एक प्रत्यक्ष सेक्टर गेला की ५१२ बाइटचे आठ मोजले जातात. त्या हिशेबाने माझे २१ प्रत्यक्ष सेक्टर गेले होते.

ते सगळे चेकडिस्कने बिघडवले असे मी म्हणणार नाही; त्यांतले काही आधीच खराब असतील आणि प्रथमच वाचले गेल्यामुळे उजेडात आले असतील. तरीही आजारी डिस्कवर चेकडिस्क चालवणे ही चूकच आहे. ती डिस्कला तासन् तास राबवते आणि त्यातच फाइल प्रणालीत फेरबदलही लिहिते, म्हणजे माहिती सुरक्षित नसताना मूळ प्रतीवरच शस्त्रक्रिया करते. तिची जागा प्रत काढून झाल्यानंतर, आणि तीही त्या प्रतीवर.

स्मार्टच्या आकड्यांवर किती विसंबावे याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपासणीदरम्यान पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे दिसले. पण त्याच अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार ठळक निर्देशकांपैकी एकाचीही नोंद नव्हती. वाईट आकडा खरा मानावा. चांगल्या आकड्याने निश्चिंत होऊ नये.

शंका उरली असेल आणि प्रत काढून झाली असेल, तर डिस्कची स्वतःची विस्तृत चाचणी चालवावी. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत संपते आणि बरेचदा काहीच सांगत नाही. विस्तृत चाचणी संपूर्ण पृष्ठभाग वाचते, त्यामुळे २ टीबीच्या डिस्कला चार ते पाच तास सहज लागतात. स्मार्टसीटीएलच्या निकालात ‘रीड फेल्युअर’च्या पुढे जी टक्केवारी येते ती झालेल्या कामाची नसून उरलेल्या कामाची असते, ९० दिसले तर चाचणी सुरुवातीलाच अडकली असे समजावे.

केबलला निर्दोष ठरवल्याखेरीज डिस्कला दोष देऊ नये

डिस्क बदलूनही त्रास तसाच राहण्याचे सर्वांत नेहमीचे कारण केबल हे असते. १९९ चा आकडा वाढत असेल, पण ५, १९७ आणि १९८ शून्य असतील, तर तबकडी बहुधा शाबूत आहे आणि मजकूर वाटेत बिघडतो आहे. हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, तो जन्मभराचा हिशेब असतो. म्हणून तो कागदावर लिहून ठेवावा आणि नव्या केबलसह आठवडाभराने पुन्हा पाहावा. वाढला नाही तर काम झाले.

केबलकडे नुसते बघूनही बरेच कळते. माझ्या डिस्कची केबल टोकाशीच काटकोनात मोडून कॅबिनेटच्या झाकणाने दाबली गेली होती, आणि तिच्या टोकाला अडकण्यासाठी असते ती धातूची क्लिपही नव्हती. म्हणून पहिल्यांदा मलाही गुन्हेगार सापडल्याचा आनंद झाला. केबल बदलली, मदरबोर्डवरचा पोर्टही बदलला, पण हे दोन बदल एकाच वेळी न करता मध्ये चार-चार दिवस जाऊ दिले, नाहीतर कशाने गुण आला हे कळत नाही. दोन्ही वेळा संगणक पुन्हा अडकला आणि १९९ चा आकडा मात्र जागचा हलला नाही. केबल वाईट होतीच, पण या त्रासाचे कारण ती नव्हती.

वीजपुरवठ्याचेही तेच. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि फिरू लागताना तिला एरवीपेक्षा बरीच जास्त वीज लागते. एसएमपीएस थकलेला असेल किंवा एकाच तारेवर जोडण्या वाढवून अनेक डिस्क टांगलेल्या असतील, तर निरोगी डिस्कही मधूनच गायब होते. तिला एसएमपीएसमधून येणाऱ्या वेगळ्या तारेवर लावून पाहावे.

दोन प्रकार मात्र दिसायला बिघाडासारखे असूनही बिघाड नसतात. विंडोजच्या नेहमीच्या पॉवर योजनेत वापरात नसलेली हार्ड डिस्क २० मिनिटांनी थांबवली जाते, आणि पुन्हा गरज पडल्यावर ती वेग घेईपर्यंत एक्सप्लोरर पाच-दहा सेकंद थबकतो. लॉगमध्ये काहीच नोंद नसेल आणि थबकणे नेहमी तेवढेच असेल, तर ही वेळ शून्य करून पाहावी, म्हणजे डिस्क थांबतच नाही. दुसरा प्रकार एकमेकांवर चढवलेल्या पट्ट्यांत लेखन करणाऱ्या एसएमआर डिस्कचा. मोठ्या फाइल सलग लिहिताना त्यांचा वेग मधूनच रसातळाला जातो, पण वाचनात चूक येत नाही.

प्रत काढणे

प्रलंबित सेक्टर असलेल्या डिस्कवरून एक्सप्लोररमध्ये ओढून सगळे एकदम उतरवू पाहणे म्हणजे प्रत्येक खराब जागेशी पुन्हा तेच भांडण. त्याऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरावा. त्याची पद्धत शहाणपणाची आहे: जे सहज वाचता येते ते आधी उचलायचे, अडचणीची जागा दिसली की तिची नोंद करून पुढे उडी मारायची, आणि हट्टी जागांकडे सर्वांत शेवटी वळायचे. ही नोंद मॅपफाइलमध्ये राहते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबावे लागले, तरी काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. मॅपफाइल विसरू नये आणि ती आजारी डिस्कवर तर मुळीच ठेवू नये. पहिली फेरी खराब जागा न खरवडता, म्हणजे ‘एन’ पर्याय लावून करावी. ती पूर्ण झाल्यावरच दोन-तीन वाढीव प्रयत्नांची दुसरी फेरी सुरू करावी. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी असावी, आणि स्रोत कोणता व लक्ष्य कोणते हे आदेश देण्यापूर्वी दोनदा ताडून पाहावे, कारण उलटापालट झाली तर कोऱ्या डिस्कची प्रत आपल्या छायाचित्रांवर चढते.

माझ्या डिस्कची पहिली फेरी साडेपाच तासांत संपली. दुसऱ्या फेरीने काही सेक्टर सोडवले आणि अखेर ३२ केबी एवढाच मजकूर वाचता आला नाही. त्यात दोन छायाचित्रांचा खालचा अर्धा भाग आणि एक चित्रफीत गेली.

प्रत तयार झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच वेळी विंडोजला दाखवू नयेत; दोघींची ओळखखूण एकच असल्यामुळे विंडोज त्यांतली एक ऑफलाइन ठेवते आणि गोंधळ होतो. जुनी काढून नवी बसवावी, तिला पूर्वीचेच ड्राइव्ह अक्षर द्यावे आणि चेकडिस्क आता, या प्रतीवर, चालवावी. पेज फाइल कुठे आहे हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

जुन्या डिस्कवर पूर्ण फॉरमॅट चालवला, तर प्रत्येक सेक्टरवर नव्याने लेखन होते आणि प्रलंबित आकडा बरेचदा शून्यावर येतो. मीही ते करून पाहिले: सी५ शून्य झाला, पाचव्या क्रमांकावर १८ आला, म्हणजे चोवीस, आणि रंग पुन्हा निळा होईल या माझ्या आशेवर त्या चोवीसने पाणी फिरवले. काहीजण अशी डिस्क दुय्यम कामासाठी ठेवून देतात. मी ती संगणकात परत लावली नाही. दुय्यम कामासाठीच तर ती आधीही होती. टाकून देण्यापूर्वी तिच्यावर एकदा संपूर्ण शून्य लिहून झालेलेच होते, पण राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांच्या मूळ ठिकाणी जुना मजकूर राहतो, म्हणून तबकड्या बाहेर काढून त्यांवर खोल ओरखडे ओढले.

नवी डिस्क बसवून सहा आठवडे झाले आहेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९, १५३ आणि ७ या तीन क्रमांकांसाठी एक वेगळी गाळणी जतन करून ठेवली आहे, दर रविवारी ती उघडतो, आणि आजवर ती रिकामीच आली आहे.